चिकूखालचं मयत

ललितने पहिला फटका लहान्याच्या गुडघ्यावर दिला. डोक्यावर देणं परवडलं नसतं. डोकं फुटलं तर जागा कोण दाखवणार?

वेळही त्याने हिशेबाने निवडली होती. रविवारी सकाळी टीव्हीवर देवांची मालिका लागली, की डहाणूच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसे. बंद सिनेगॉगच्या परसात कोणी ओरडलं, तर ऐकायला फक्त छपरातली वटवाघळं.

रेल्वेतल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बाबूंनी वर्गणी काढून ते प्रार्थनाघर बांधलं होतं. मग एकेक घर इस्रायलला निघून गेलं, शनिवारच्या प्रार्थनेला माणसं पुरेनात. शेवटी उरला शालोम गार्ड. जाण्याआधी त्याने आणि मुंबईहून आलेल्या नातेवाइकांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावरून परसात नेलं आणि रडत रडत पुरलं. खड्डा खणला होता तिथल्या राखणदाराने, लहान्याने. चावीही त्याच्याकडेच राहिली. बाजाराने तेव्हाच हिशेब मांडला : गार्डाच्या घरी तर कोणी मेलं नाही. मग पुरलं काय?

ललितच्या मते उत्तर एकच होतं. सोनं.

"पोथी हाय शेट," लहान्या गुडघा दाबत म्हणाला. "म्हातारी झाली, फाटली. त्यांच्यात पोथी जाळत नाय, टाकत नाय. माणसासारखी पुरतात."

"ऐकलंस का प्रविण? पोथीचं मयत!" ललित हसला. "तेराव्याचं जेवणही झालं असेल, आपल्यालाच आवतण नाही."

पहारीला टेकून उभा असलेला प्रविण हसला. शेट हसले की त्याला हसावंच लागे.

"जागा दाखव. पोथी निघाली तर तुझी."

"नाय शेट. गार्डसायबाला जबान दिलीय. मयत उपसायचं नसतं."

मग बोटांवर फटके पडले. एकेका बोटावर. लहान्या 'नाय'च म्हणत राहिला. ललितने काठी खाली ठेवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तुझी पोरगी गंगी आज आमच्या वाडीत चिकू काढायला आलीय ना? प्रविणला पाठवू तिकडे?"

लहान्याने मोडक्या बोटाने कोपऱ्यातलं चिकूचं झाड दाखवलं.

प्रविणने खणलं. कापड दिसताच ललितने स्वतः खड्ड्यात उडी मारली आणि ते टराटरा फाडलं. आत चामड्याची लांबच लांब गुंडाळी. कडा कुजलेल्या, अंगभर परकी अक्षरं. चांदीचं बटणसुद्धा नाही.

काठावर प्रविणने हळूच चपला काढल्या.

लहान्या सरपटत काठापर्यंत आला. "झाका तिला," तो म्हणाला. "उघडी नका ठेवू शेट. सगळ्या गावाला सांगेन मी. झाका."

जागा सापडली होती. आता डोकं वाचवण्याचं काही कारण उरलं नव्हतं. ललितने प्रविणच्या हातातली पहार घेतली.

झाकायला दोघांना फार वेळ लागला नाही.

मालिका संपली होती. घरी ललितची बायको रुचिता टीव्हीला घातलेला हार काढत होती. ललित उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बादली बाहेर आण. इथेच आंघोळ करतो."

बादली घेऊन आलेली रुचिता दारातच थबकली. "अगंबाई! कोण गेलं हो?"

"कोणी नाही."

तिने त्याच्या कोपरापर्यंत माखलेल्या मातीकडे पाहिलं.

"मग पुरलंत काय?"