जिन्याखालचा पाहुणा

"आधी पुस्तक दे. मग जातो."

ऋषी गणवेश घालून, दप्तर छातीशी धरून कपाटासमोर उभा होता. खाली शाळेच्या व्हॅनचा हॉर्न पुन्हा वाजला.

"पुस्तक आज परत जाणार," त्याची आई नम्रता म्हणाली. "मला नऊला लॉगिन करायचंय. नाटकं संध्याकाळी कर."

पुस्तक कपाटावर होतं, मुलाचा हात पोचणार नाही इतकं मागे ढकललेलं. 'जिन्याखालचा पाहुणा'. मुखपृष्ठावर अंधारा जिना आणि त्यातून बाहेर आलेला लांबलचक हात. वारज्याच्या त्या सोसायटीतली झाडून सगळी पोरं या पुस्तकापायी वेडी झाली होती. सोसायटीच्या वाचनालयात त्यासाठी नंबर लागायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या शेफालीने ते दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा आपण किंचाळलो, असं ती अभिमानाने सांगायची. एरवी ज्यांना पुस्तक उघडायला लाच द्यावी लागते, ती मुलं हे जेवतानाही खाली ठेवत नव्हती. घाबरायला मिळतंय म्हणून मुलांना इतका आनंद झालेला मोठ्या माणसांनी कधी पाहिला नव्हता.

नम्रतानेच ते हौसेने आणलं होतं. आणि त्याच सुमारास ऋषीचं बिनसलं. चौथीतला मुलगा अंथरूण ओलं करू लागला. सकाळ झाली की त्याच्या पोटात दुखायचं. डबा भरलेला परत यायचा. आजीने, म्हणजे मुक्ताबाईंनी, मीठ-मोहरीने त्याची दृष्ट काढली. गुण आला नाही, तेव्हा त्यांनी निकाल दिला.

"त्या पुस्तकातलं भूत बसलंय त्याच्या मनात. असलं घरात ठिवायचं न्हाय."

काल नम्रताने पुस्तक मधूनच उघडून पाहिलं होतं. गोड बोलणारा, घरातल्या सगळ्यांचा लाडका पाहुणा. त्याची सावली पडत नाही, हे फक्त चारू नावाच्या मुलीला दिसतं. आणि पाहुणा तिच्या कानाशी येऊन म्हणतो, 'आईला सांगितलंस, तर आई नाहीशी होईल.' नम्रताच्या अंगावर काटा आला. असलं लिहिणाऱ्यांच्या घरात मुलं नसावीत, असं पुटपुटत तिने ते मिटलं आणि कपाटावर टाकलं.

रविवारी हाच मुलगा गॅलरीत पाय पसरून, पोहे खात तेच पुस्तक वाचत बसला होता, आणि तेव्हा त्याचं पोट दुखत नव्हतं. हे तिला दिसलं नव्हतं असं नाही. पण आजीचा निकाल सोपा होता.

फोन वाजला. व्हॅनवाला वैजनाथ होता.

"ताई, पुन्हा पोट दुखतंय का त्याचं? वर येऊ का? मी आणतो उचलून."

"या हो, दादा. आमचे साहेब संपावर आहेत."

वैजनाथचं सगळ्या सोसायटीत कौतुक होतं. कधी उशीर नाही, कधी चढा आवाज नाही. ऋषीला गाडी लागते म्हणून तो त्याला पुढे, आपल्याशेजारी बसवायचा. नम्रतानेच तसं सांगितलं होतं.

"काका वर येतायत," ती म्हणाली. "आता तरी बूट घाल."

ऋषीचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खुर्ची कपाटापाशी ओढली, वर चढला आणि टाचा उंचावल्या. नम्रताने त्याला दंडाला धरून खाली ओढलं. दप्तर धाडकन पडलं. तो रडला नाही. त्याचं लक्ष दाराकडे होतं.

लिफ्ट वर येत असल्याचा आवाज येऊ लागला.

"आई, एकच प्रकरण राहिलंय. पटकन वाचतो. प्लीज."

"अरे, रात्र-रात्र त्या भुताला घाबरतोस आणि पुन्हा तेच वाचायचंय?"

"मी भुताला नाही घाबरत."

नम्रता थांबली. खरंच, आपण पुस्तकाला घाबरतो असं ऋषी स्वतः एकदाही म्हणाला नव्हता. ते घरातल्यांनीच ठरवलं होतं.

"मग काय आहे त्या प्रकरणात?"

लिफ्टचं दार उघडलं. बाहेर पावलं वाजली. ऋषी तिच्यामागे सरकला. त्याने तिचा कुर्ता मुठीत घट्ट धरला आणि तो इतक्या हळू बोलला, की तिला खाली वाकावं लागलं.

"शेफाली म्हणाली, शेवटी चारू सगळं आईला सांगते. तरी तिची आई नाहीशी होत नाही. ती कसं सांगते, तेवढंच मला बघायचंय."

बेल वाजली.

नम्रताने हात लांब केला आणि दाराला आतून कडी घातली.