दोन थापा

चौदा चौक, सहा सिग्नल, एकवीस मोटारसायकली आणि आडव्या येणाऱ्या तीन शेळ्या. रस्त्याची शिस्त शिकवणाऱ्या आभासी खेळात म्वेन्देने अख्खं माचाकोस शहर उतरवलं होतं. शंभरातून दर चुकीला दहा गुण वजा. मटाटू बस चालवणाऱ्या किलोन्झोमामाचं लायसन्स जप्त झालेलं. ऐंशी गुण पडले तरच ते परत मिळणार होतं.

मामाने डोळ्यांवर खेळाचा जाडजूड चष्मा चढवला. सिग्नल सुटला, पण गाडी हलेना.

"मामा, हिरवा झालाय! आता काय पिकायची वाट बघतोयस?"

"अगं, कंडक्टरने पत्र्यावर दोन थापा मारल्याशिवाय वीस वर्षांत गाडी सोडली नाही मी. कुठाय तो?"

खेळात कंडक्टर घालायचा राहूनच गेला होता. दहा मिनिटांची वेळ संपली.

 

अंतर : शून्य किलोमीटर. चुका : शून्य. गुण : शंभर.