पहिली वाफ

पक्षाघाताने बायकोची वाचा गेली, त्याला आठ महिने झाले होते. खुर्चीत बसून ती नवऱ्याचं काम बघत राहायची. त्याने कोळशावर चालणारं गुडघ्याएवढं इंजिन बनवलं होतं, बागेत रूळही टाकले होते.

आज पहिल्यांदाच त्याने इंजिनात कोळसा पेटवला. वाफेच्या दाबाचा काटा वर चढू लागला, तशी त्याची नजर तिथून हलेना.

"अहो... पाणी!"

त्याने दचकून पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे पाहिलं. नळी कोरडी पडत चालली होती. बॉयलर जळू नये म्हणून त्याने घाईघाईने निखारे बाहेर ओढले आणि मग एकदम भानावर येऊन मागे वळला.

कुंपणापलीकडून शेजाऱ्याने विचारलं, "काय, धावली का गाडी?"

"नाही हो! पण ही ओरडली माझ्यावर!"