सातव्या टाकीतली कुंदा

सातव्या टाकीला पाठ टेकून झोपलेला भास्कर जागा झाला. आत फेस मंद कुजबुजत होता. सेलर ऑपरेटरचं, म्हणजे ब्रुअरीच्या तळघरातल्या टाक्या सांभाळणाऱ्याचं, कामच ते: आंबणाऱ्या बिअरशेजारी झोपायचं. यीस्ट त्याचं स्वप्न टिपून घेई. बिअर बाटल्यांत भरली की ते पिणाऱ्यांना पडे, भास्करला मात्र पुन्हा कधीच नाही.

मुख्य ब्रूअर निलोफर मॅडम नमुना चाखून डोळे मिटून उभ्या होत्या. "गच्चीवर केस वाळवतेय ती कोण हो?"

"कुंदा. माझी बायको. परवाच वर्षश्राद्ध झालं तिचं."

"मग ही टाकी ओतून देऊ या, भास्करराव."

"नको. भरा बाटल्या. तिला एकटं करमत नसे."

पुढच्या आठवड्यात बसथांब्यावर एक अनोळखी माणूस मित्राला त्याच गच्चीचं स्वप्न सांगत होता. भास्कर हळूच जवळ सरकला.

"माफ करा हं," त्याने विचारलं, "हसत होती का ती?"