एका बाकावर एक

शाळेच्या पडवीत चुन्याचे गोल आखले होते आणि एकेका गोलात एकेक पालक तोंडाला मास्क लावून बसला होता. कमलेश सर दारात उभे होते. त्यांची बदली टाळेबंदीत झालेली, त्यामुळे गावाला ते अजून आवाजावरूनच जास्त माहीत होते.

"उद्यापासून शाळा उघडतेय," सर म्हणाले. "पण एका बाकावर एकच मूल. दुसऱ्या वर्गाचं छप्पर वादळात गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे खोली एक आणि त्यात मुलं पंधराच बसणार."

"आनि बाकीची?" कोंडाजीने विचारलं.

"बाकीची मोबाईलवर, आत्तापर्यंत होती तशी."

"एक दिस ही, एक दिस ती, असं करा ना सर."

"सरमिसळ नको म्हणून वरून सांगितलंय." सरांनी घसा खाकरला, तेवढ्यानेही पुढच्या गोलातली बाई मागे सरकली. "म्हणून ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्यांची मुलं आधी घेणार. त्यांनी हात वर करा."

आधी कुणी हललं नाही. मग एक हात वर गेला, त्याला बघून दुसरा, आणि बघता बघता सगळी पडवी हात वर करून बसली. कोंडाजीने डावा हात वर केला, कारण उजव्याने शर्टाचा खिसा झाकायचा होता. क्रांतीनेही हात वर केला. तिचा मोबाईल पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली होता.

खोटं बोलायची तिला काही हौस नव्हती. पण अमिषा दुसरीत गेली तरी पोरीने शाळेचा बाक बघितला नव्हता. रेंज मिळते म्हणून खाडीच्या बांधावर उभी राहून ती 'हजर' म्हणायची आणि घरी आई ओरडली की "आई, तू म्यूट हो" म्हणायची. अक्षर मात्र अजून वळत नव्हतं. हिचं पुढे कसं व्हायचं, या काळजीने क्रांतीला घास गोड लागत नव्हता.

सरांनी सगळ्या हातांकडे शांतपणे पाहिलं.

"मीटिंगचा निरोप मी काल फक्त मोबाईलवर टाकला होता," ते म्हणाले.

हात एकेक करून खाली आले.

"मला शेजाऱ्यानं सांगितलान," कोंडाजी म्हणाला.

"कुठल्या?"

कोंडाजीने बाजूच्या गोलाकडे बघितलं. तिथलाही हात नुकताच खाली आला होता. दोघे हसले, मग सगळेच हसले, सरसुद्धा.

"जाऊ द्या. सगळ्यांकडे मोबाईल आहे असं धरतो आणि आलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकतो. यादीतलं शुभमचंच घर राहिलंय, त्यांचं कुणी आलंय का?"

सरांनी यादीवरून बोट फिरवलं.

"नंबर तर दिलेला आहे त्यांनी. म्हणजे निरोप पोचलाय. आले नाहीत, तर त्यांना गरज नसावी."

तो नंबर क्रांतीचा होता. शुभमची आजी मनुबाई तिची शेजारीण. मनुबाईकडे मोबाईल नाही, म्हणून शाळेने नंबर मागितला तेव्हा तिने क्रांतीला विचारून तिचाच दिला होता. आधीच्या बाईंना हे माहीत होतं, सरांना कुणी सांगितलं नव्हतं. शाळेचा प्रत्येक निरोप क्रांती कुंपणावरून ओरडून सांगायची. कालचाही सांगणार होती, पण त्यात जागा मोजक्या आहेत असं लिहिलेलं होतं. आज सकाळी मनुबाई अंगणात सुपारी सोलत बसलेली दिसली. "कुठं चाललीस गो?" तिने विचारलं. "बाजारात," क्रांती म्हणाली, आणि अगदीच खोटं नको म्हणून खरोखर बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन मग शाळेत आली.

आताही एका वाक्याचंच काम होतं. त्यांच्याकडे फोन नाही, एवढं म्हटलं की शुभम चिठ्ठीशिवाय थेट आत. आणि चिठ्ठीवाल्यांची एक जागा कमी. क्रांतीने तोंड उघडलं. मास्कमुळे ते कुणाला दिसलं नाही. मग तिने ते मिटलं.

चिठ्ठ्या निघत गेल्या. कोंडाजीच्या नातवाची निघाली नाही. अगदी शेवटी सरांनी अमिषाचं नाव वाचलं आणि क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला फार म्हणजे फार आनंद झाला.

घराच्या वाटेवर मनुबाईने हाक मारली. कोंडाजी तिच्या अंगणात पाणी पिऊन, कुणाकुणाची चिठ्ठी निघाली तेवढं सांगून पुढे गेला होता. क्रांती आत गेली आणि सोललेल्या सुपारीच्या राशीपाशी टेकली.

"अमिषाची चिठी आली म्हनं," मनुबाई म्हणाली. "बरं झालं गो. आनि आमच्या शुभमची? तू व्हतीस म्हंजे टाकली असशीलच."

क्रांतीने कोथिंबिरीची जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"व्हय," ती म्हणाली. "न्हाय निघाली."

"मंग काय करनार. त्याचं नशीब." मनुबाईने हातातली सुपारी खाली ठेवली. "पन आता तुझा मोबाईल त्याला एकट्याला गावंल. दोघांची भांडनं तरी मिटली. शुभम, ये रं, काकीच्या पाया पड."

शुभम आला आणि वाकला. क्रांती पाय मागे घ्यायला गेली, पण मागे सुपारीची रास होती.