सिंधूचं बक्षीस

शाळेने बक्षीस सिंधूला द्यायचं ठरवलं आणि दिवाकरन माष, म्हणजे इतिहासाचे दिवाकरन मास्तर, पेचात सापडले. ऑनलाइन वर्गात सर्वांत जास्त भाग घेणाऱ्या मुलाला किंवा मुलीला नवा फोन मिळणार होता. वर्गातल्या नोंदी पाहून केलेली निवड अगदी चोख होती. अडचण एवढीच, की सिंधू नावाची मुलगी वर्गात काय, केरळातल्या त्या अख्ख्या ओट्टपालम गावात नव्हती.

सिंधू ही माषांचीच करामत. ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा दहावीची पोरं मूग गिळून बसायची. माष घसा कोरडा होईपर्यंत इतिहास शिकवायचे, प्रश्न विचारायचे आणि वाट पाहून पाहून स्वतःच उत्तर द्यायचे. नेट पुरत नाही म्हणून कॅमेरे बंद ठेवा, उत्तरं लिहून पाठवा, असं त्यांनीच सांगितलेलं. त्यामुळे समोर नुसत्या नावांच्या काळ्या चौकटी. शेवटी त्यांनी बायकोला, वत्सलाला, गळ घातली. तिने स्वयंपाकघरात बसून आपल्या फोनवरून, नवी आलेली मुलगी म्हणून, सिंधू या नावाने वर्गात यायचं आणि खुशाल बावळट प्रश्न पाठवायचे. एका मेंढराने कुंपण ओलांडलं की बाकीची मागून येतात, हा त्यांचा होरा.

आणि आली की! पोर्तुगीज एवढ्या लांबून मिरी न्यायला आले, तर त्यांच्या घरी तिखटमिठाला काहीच नव्हतं का, असं सिंधूने विचारलं. अजमलने त्यावर लांबलचक उत्तर लिहिलं, जितिनने ते खोडून काढलं, आणि वर्ग जो बोलू लागला तो थांबेना. कुळकायद्याच्या धड्याला तर अजमलने जमीनदाराच्या अंगणात तिष्ठणाऱ्या कुळांबद्दल असं काही लिहिलं, की माषांना चष्मा काढून पुसावा लागला. पुढे पुढे सिंधूचे प्रश्नही बावळट राहिले नाहीत. बायकोला या वयात इतिहासाची गोडी लागली, याचं माषांना कोण कौतुक.

रोज गैरहजर अशी एकच होती, त्यांच्याच घरामागच्या पायवाटेवर राहणारी शायनी. तिचं नाव पुकारून झालं की माष सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "जिला शिकायचंच नाही, तिला मी काय पालखीतून आणू?"

आता हे बक्षीस. हेडमिस्ट्रेसबाईंनी फोनवर तोंड भरून स्तुती केली तेव्हा माष नुसते हो हो करत राहिले, आणि नंतर त्यांना स्वतःचीच किळस आली. कॉपी करणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. मार्चमध्ये निवृत्त व्हायचं, आणि जाता जाता कुणा लेकराच्या हक्काचा फोन बायकोच्या नावावर लाटायचा! गप्प राहावं तर चोरी, बोलावं तर पोरांपुढे जन्माची अब्रू जाणार.

"उद्या वर्गाला सांगून टाकतो," ते म्हणाले.

वत्सला मासे साफ करत होती. "सांगा. पण बक्षीस सिंधूलाच राहू द्या."

"तुला कशाला गं आणखी एक फोन?"

"मला नकोच आहे. अहो, जरा माझं ऐकून घेता का?"

"तुझं नंतर," माष म्हणाले. त्यांना उद्याचं भाषण जुळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. जुळवलेलं भाषण ऐन वेळी आठवेना.

"मुलांनो, मी तुमच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. या वर्षी बोललो. सिंधू म्हणजे माझी बायको. तुम्ही बोलावं म्हणून मी हे सोंग उभं केलं. चुकलो मी."

माषांना तिथून उठून जावंसं वाटलं. तेवढ्यात अजमलची चौकट उजळली. आत पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा बसला होता.

"माषे, तुम्ही कशाला मान खाली घालता? मी अजमलचा आजा. पोरगं झोपलंय अजून. हजेरी बुडू नये म्हणून फोन धरून बसायचो. मग तुम्ही कुळांचं काढलंत, राहवलं नाही."

जितिनच्या चौकटीत त्याची आई होती, खांद्यावर टॉवेल टाकलेली. जितिन फुटबॉलला जातो, एवढंच ती कसंबसं बोलली. मग एकेक चौकट उघडत गेली. कुठे मावशी, कुठे रिटायर झालेला काका, कुठे तोंडावर हात घेतलेली आजी. माषांच्या नजरेला नजर कुणी देईना, आणि माषही कुणाकडे बघेनात. सगळे मिळून खजील झाले होते.

"या वर्गात एक तरी मूल आहे का?" माषांनी विचारलं.

सिंधूच्या चौकटीत हात वर झाला.

माषांचं डोकंच फिरलं. ही काय थट्टेची वेळ? ओरडायला म्हणून ते वळले, तर वत्सला त्यांच्या मागे दारातच उभी होती. हात ओले, फोन नाही.

"पहिल्या आठवड्यानंतर मी बसलेच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "घरी फोन नाही अशा एका पोरीला माझा देत होते. काल तेच सांगत होते."

सिंधूची चौकट उजळली. आत त्यांचंच स्वयंपाकघर होतं. वरवंट्याशेजारी शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी बसली होती. वर्गात उभं राहतात तशी ती उठून उभी राहिली.

"शायनी हजर आहे, माषे. रोज होती."