बिनठिपक्याचं गाव

नछत्तरसिंगाचा फायदा उघड होता. धानाची धसकटं पेटवली की एकाच संध्याकाळी शेत मोकळं आणि गहू वेळेवर.

अडचण एकच, आकाशातला उपग्रह. आग दिसली की त्याच्या नकाशावर लाल ठिपका उठे आणि ठिपक्यामागून दंड येई.

तोडगा पटवारी तरसेमलालनं काढला. उपग्रह दुपारी दोनच्या सुमारास जातो, मग रात्रीपर्यंत इकडे फिरकत नाही, एवढंच तो चहा पिता पिता बोलून गेला. काडी लावा असं म्हणाला नाही. पटवारी असं बोलत नसतात.

तेव्हापासून नछत्तरच्या गावात, रत्तेवालमध्ये, उपग्रहाला जावई म्हणू लागले. दुपारभर सगळे सोवळ्यात. मग कुणीतरी विचारायचं, "गेले का जावई?" आणि चारच्या पुढं सगळं शिवार पेटायचं.

शेजारच्या कोटलीवाल्यांना एवढाही पोच नव्हता. ते भर दुपारी काडी लावत. त्यांच्या नकाशावर गोवर उठला, घरोघर दंड बसला. रत्तेवाल पोट धरून हसलं.

हसली नाही ती नछत्तरची बायको जसमेल कौर. तिला दमा होता. चुन्नीचा बोळा तोंडाशी धरून ती खाटेवर बसून होती.

"जावयाला फसवलंत, सरदारजी. माझ्या छातीला कसं फसवणार?"

नछत्तरनं तिला चार दिवस कळ काढायला सांगितलं. धुरानं गुदमरलेल्यांसाठी यंदा प्राणवायूच्या गाड्या गावोगाव फिरणार होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास घशातच अडकू लागला. ओठ निळे पडले. त्यानं गाडीवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गावाचं नाव विचारलं आणि नकाशात शोधलं.

"रत्तेवालला गाडी नाही, चाचाजी. उपग्रहाचा नकाशा बघून गाड्या पाठवतो आम्ही. जिथं ठिपका, तिथं गाडी."

"बेटी, अख्खं शिवार जळालंय. मी स्वतः लावलीय आग."

"नकाशात तुमचं गाव स्वच्छ आहे. जवळची गाडी कोटलीत उभी आहे, पण तिथं रांग आहे, ती हलणार नाही. तुम्हीच घेऊन या."

त्यानं जसमेलला ट्रॉलीत निजवलं आणि ट्रॅक्टर पिटाळला. धुरात रस्ता दिसत नव्हता. कोटलीच्या वेशीवर गाडीतली नर्स धावत आली, ट्रॉलीत चढली आणि सावकाश खाली उतरली.

त्या हंगामात कोटलीचा दंड कोटलीनं भरला, रत्तेवालचा जसमेल कौरनं.